धावपटूंमधील अतिवापरजन्य गुडघेदुखी

धावपटूंमधील अतिवापरजन्य गुडघेदुखी म्हणजे पडणे, मुरगळणे यांसारखी दुखापत न होता, धावण्याचा भार गुडघ्याच्या सहनक्षमतेपेक्षा वेगाने वाढल्यामुळे उद्भवणारी वेदना होय. तिचे दोन प्रकार विशेष आढळतात. गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीमागे होणाऱ्या वेदनेस पटेलोफिमोरल वेदना म्हणतात. जिने उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर ती वाढते. दुसरा प्रकार मांडीच्या बाहेरील बाजूने गुडघ्याखाली जाणाऱ्या इलिओटिबियल पट्ट्याचा असून त्यात गुडघ्याची बाहेरील बाजू दुखते. या विकाराचे एक प्रारंभीचे वर्णन १९७५ मध्ये अमेरिकी मरीन दलातील सैनिकांच्या संदर्भात प्रसिद्ध झाले.

महाड–पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव सैनिकी परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी धावणे हा छंद नसून उपजीविकेचा प्रश्न असतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाल्यावर थोड्या आठवड्यांत सराव एकदम वाढवला जातो, आणि वेदनेचे मूळ बहुधा येथेच असते.

भूरचनेचाही वाटा आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट किंवा महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट अशा रस्त्यांवर चढ दमवतो, पण गुडघ्याला उतार अधिक जाचतो. उतरताना मांडीचे पुढील स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग रोखतात व वाटीमागील दाब वाढतो. इलिओटिबियल पट्ट्याचे दुखणेही उतारावर बळावते. डोक्यावर भारा घेऊन बांध उतरणे हाही गुडघ्यावरील भारच होय. सरावाच्या हिशेबात तो सहसा धरला जात नाही.

व्यवस्थापन

संपूर्ण विश्रांतीने वेदना शमते, परंतु सहनक्षमताही घटते. त्यामुळे पुन्हा पूर्वीइतकेच धावू लागल्यास दुखणे परतते. म्हणून धावणे बंद करण्याऐवजी ते कमी करणे इष्ट मानले जाते. कॅनडातील क्वेबेक येथे पटेलोफिमोरल वेदना असलेल्या ६९ धावपटूंवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना भार कसा सांभाळावा याचे शिक्षण देण्यात आले. त्यासोबत काहींना व्यायाम, तर काहींना धावण्याच्या पद्धतीतील बदल शिकवण्यात आला. आठ आठवड्यांनंतर केवळ शिक्षण मिळालेला गटही इतरांइतकाच सुधारला होता. धावताना वेदना दहापैकी दोनपेक्षा अधिक नसावी व धावल्यानंतर तासाभरात ती पूर्वपदावर यावी, हा त्यातील निकष कोणत्याही उपकरणाविना पाळता येतो. व्यवहारात याचा अर्थ उतार व वेगाचा सराव प्रथम वगळणे, अंतर कमी करून आठवड्यातील दिवस कायम ठेवणे, आणि वेदना निकषात राहिल्यासच अंतर वाढवणे असा होतो.

नितंब व मांडीच्या स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम पटेलोफिमोरल वेदनेवरील तज्ज्ञांच्या २०१८ च्या मतैक्यपत्रात शिफारस केलेले आहेत. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून चाचणीच्या तोंडावर ते सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. वेग तोच ठेवून पावले थोडी आखूड व जलद टाकल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो. वाटीला चिकटपट्टी लावल्याने किंवा बुटात आधार घातल्याने मिळणारा आराम अल्पकालीन असतो.

चाचणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याचा मोह घातक ठरू शकतो. गोळीने इशारा दडपला जातो, आणि निर्जलीकरण झालेले असल्यास आयब्युप्रोफेनसारख्या औषधांमुळे मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

वैद्यकीय तपासणी

गुडघ्यास सूज येणे, तो अडकणे किंवा अचानक दगा देणे, विश्रांतीत वा रात्री दुखणे आणि ताप ही लक्षणे अतिवापरापलीकडील कारण सुचवतात. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर तीव्र दुखत असल्यास ताणामुळे हाडाला तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे त्वरित थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात असा तडा पुष्कळदा दिसत नाही.