रोज दीड रुपया

भाड्याने द्यायला म्हणून फ्लॅट घेणारे हप्ता, घरपट्टी, येणारे भाडे यांचा हिशेब मांडतात. त्यात एक रकाना मात्र नसतो. तो बडोद्याच्या इतिहासात सापडतो.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महालेखापालांच्या कचेरीत काम मिळाले, पण अस्पृश्य म्हणून राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. बरेच दिवस तिथे कुणी पाहुणा आला नव्हता. चार पैसे सुटतील म्हणून रखवालदारही तयार झाला. जेवणासकट रोज दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि बाबासाहेबांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही घरात घेतले नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कमाठीबागेत बसून राहिले.

इथे भाडे बुडण्याची भीती नव्हती. लोभाने उघडलेले दार जातीने बंद केले. खोली रिकामी राहिलेली चालली, माणूस चालला नाही. आपल्या गोव्यातही पगाराआधी आडनाव विचारणारा घरमालक भेटतो, तेव्हा मला तो दीड रुपया आठवतो.