ताज्या अंड्याची पारख

भाईंदरच्या मिठागरांत, मीठ धरूं लागलेल्या वाफ्यांत, कोणीं त्याच सकाळीं घातलेलें कोंबडीचें अंडें नेऊन सोडलें, तर तें बुडावयाचें नाहीं. खुशाल तरंगत राहील. आणि घरोघरची समजूत तर अशी कीं, पाण्यांत तरंगलें तें अंडें नासकें. गांवच्या विहिरीच्या पाण्यांत तेंच अंडें तळाशीं जाऊन आडवें पडेल. अंडें तेंच, परीक्षाही तीच. निकाल मात्र दोन. या कोड्याचा उलगडा झाला म्हणजे अंडें पारखण्याच्या जुन्या युक्तीचें मर्म हातीं येतें.

ताजें अंडें पाण्याहून शेंकडा आठ-नऊ इतकें जड असतें. साठ ग्रॅम वजनाच्या अंड्याएवढी जागा पाण्यानें भरली तर तें पाणी सुमारें पंचावन्न ग्रॅम भरेल. म्हणून अंडें बुडतें. समुद्राचें पाणी थोडें अधिक जड, तरी त्यांतही तें बुडतेंच. परंतु मिठागरांत उन्हानें आटत आटत मीठ धरण्याच्या बेतास आलेलें पाणी गोड्या पाण्याहून जवळ जवळ एक पंचमांशानें जड झालेलें असतें. तेथें ताज्या अंड्याचेंही कांहीं चालत नाहीं. उलट, गोड्या पाण्यांत तरंगावयाचें तर अंड्याला आपल्या अंगचे सुमारें पांच ग्रॅम गमवावे लागतात. कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून आंतलें पाणी वाफ होऊन जातें आणि बोथट टोंकाशीं हवेची पोकळी वाढत राहते. पांच ग्रॅम जाण्यास कित्येक दिवस, बहुधा कित्येक आठवडे लागतात. अर्थात् साधें पाणी हा फार उदार परीक्षक आहे. अगदीं म्हातारें झालेलें अंडेंच तेवढें तो नापास करतो. दहा भाग पाण्यांत एक भाग मीठ विरघळविलें तर तोच परीक्षक कडक होतो. ताजें अंडें त्यांतही तळ गांठतें, थोडें जुनें झालेलें मात्र बोथट टोंक वर करून उभें राहूं लागतें किंवा वर येतें.

गांवीं या पारखीची गरज थोडी. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवर राई, मुर्धा, मोर्वा हीं गांवें लागतात. अशा गांवांत ज्याच्या दारीं खुराडें, त्याला अंडें कालचें कीं परवांचें हें कोणास विचारावें लागत नसे. शहराची गोष्ट निराळी. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. वसईच्या खाडींतलें पाणजू बेट हें तिचें एक स्थानक होतें. दोनच वर्षांनीं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई, बांधून पुरें झालें. माल लांबून येऊं लागला कीं कोंबडी आणि खाणारा यांच्यामधले हात वाढतात, आणि हात वाढले कीं दिवस वाढतात. त्यांतून पांढरपेशा हिंदु घरांत अंडें शिरलें तें बहुधा डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आजाऱ्यासाठीं; तेंही स्वयंपाकघराबाहेर, निराळ्या शेगडीवर. पिढ्यानुपिढ्यांची पारख त्या घरांपाशीं नव्हती, आणि खाणारा तर अंथरुणाला खिळलेला. फसगत झाली तर ती त्याच्या जिवावर.

युरोपांत अंडीं सांठविण्याची विद्या ऋतूनें शिकविली. हिवाळ्यांत दिवस लहान होतात तसतशा कोंबड्या अंडीं घालण्याचें थांबवितात. आणि उपवासकाळांत चर्चनें अंडीं वर्ज्य केलीं तरी कोंबड्यांना तो नियम ठाऊक नसतो. राख, कोंडा, मीठ यांत अंडीं पुरून ठेवण्याचे प्रकार जुनेच. अठराव्या शतकांत रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें छिद्रें बुजविण्यासाठीं अंड्यांना रोगण व चरबी लावून पाहिली. १७९१ मध्यें विल्यम जेन या इंग्रज गृहस्थानें चुना व मीठ घातलेल्या पाण्यांत अंडीं ठेवण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. चुन्याची निवळी ही तर आपल्या घरांतली वस्तु. तींत अंडीं बुडवून ठेविलीं म्हणजे चुना छिद्रांत बसतो आणि त्याच्या क्षारगुणामुळें जंतूंना वाव राहत नाहीं. अशीं अंडीं महिनेच्या महिने टिकत. मात्र उकडण्यापूर्वीं बोथट टोंकाला सुईनें भोंक पाडावें लागे. नाहीं तर आंतल्या हवेला वाट न मिळून कवच फुटे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमधील गृहिणी याच कामासाठीं सोडियम सिलिकेटचें पाणी वापरीत. त्याला ‘वॉटर ग्लास’ म्हणत.

या युक्त्या आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडण्यासारख्या नव्हत्या. गांवठी कोंबड्यांत कोंबडा असतोच. त्यामुळें अंडें बहुधा फलित असतें, आणि वैशाखाच्या उष्म्यांत तें खुडूक कोंबडीखालीं न ठेवतांही आंतल्या आंत जीव धरूं लागतें. ही वाढ अर्धवट राहिली कीं अंडें नासतें. चुना छिद्रें बुजवील, पण सुरू झालेली वाढ मागें कशी नेईल? सांठवावयाचीं अंडीं हवीं असतील तर कोंबड्याला आधीं वेगळें करणें हाच त्यावर खरा उपाय.

हें आंतलें गुपित पाणी सांगत नाहीं, उजेड सांगतो. काळोख्या खोलींत, दिव्यापुढें धरलेल्या पुठ्ठ्याच्या भोंकावर अंडें टेकविलें कीं हवेची पोकळी, बलकाची सांवली, क्वचित् रक्ताचा तांबडा धागाही दिसतो. १९३७ सालीं हिंदुस्थान सरकारनें शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा केला, तेव्हां त्याच्या पहिल्याच यादींत फळें, भाजीपाला, तंबाखू यांच्या जोडीला अंडीं होतीं; पुढच्या वर्षीं अंड्यांच्या व्यापारावर स्वतंत्र अहवाल निघाला. त्याच १९३७ सालीं अमेरिकेंत रेमंड हॉ यानें फोडलेल्या अंड्यांतील दाट पांढऱ्याची उंची मोजून ताजेपणा ठरविण्याचें गणित मांडलें. ताज्या अंड्याचें पांढरें बलकाभोंवतीं उंच उभें राहतें, जुन्याचें पाण्यासारखें पसरतें. गृहिणीला हें न मोजतांच दिसतें. प्रत्येक अंडें आधीं वाटींत फोडून मग पिठांत घालण्याची तिची संवय हॉच्या गणिताहून जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. भाईंदरच्या दक्षिणेस, गोरेगांवच्या आरे वसाहतींत, केंद्र सरकारचें कुक्कुटपालन केंद्र निघालें. १९५८ मध्यें गोदरेजनें देशांत बनलेलें पहिलें शीतकपाट बाजारांत आणलें. मिठागरांच्या कडेनें वस्ती वाढत जाऊन २००२ मध्यें मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली. तेथल्या इमारतींत खुराड्याला जागा नाहीं. अंडें येतें तें पिंजऱ्यांतल्या, कोंबड्याविना वाढलेल्या कोंबडीचें. तें धुवावें कीं नाहीं हा वाद मात्र अजून आहे. कवचावर निसर्गानें दिलेला पातळ लेप धुतल्यानें जातो. म्हणून युरोपांत पहिल्या प्रतीचीं अंडीं धुण्यास मनाई आहे. अमेरिकेंत तीं धुतात, पण पुढें थंडींतच ठेवितात. घरीं धुवावयाचेंच तर अंडें फोडण्याच्या वेळीं धुवावें.

जुन्या पारखीला खरा धक्का बसला तो १९८८ सालीं, ब्रिटनमध्यें. अंड्यांतील साल्मोनेला जंतूंविषयीं केलेल्या एका विधानावरून तेथील आरोग्यखात्याच्या मंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला. या जंतूंपैकीं एक जात कोंबडीच्या पोटांतच, कवच चढण्यापूर्वीं, अंड्यांत शिरूं शकते. अशा अंड्याला वास नसतो, पोकळी मोठी नसते. पाण्यांत तें तळाशीं जाऊन शहाण्यासारखें आडवें पडतें. पाण्याला अंड्याचें वय तेवढें कळतें. म्हणून आजाऱ्याला दुधांत कच्चें अंडें देण्याची जुनी चाल आतां धोक्याची मानतात, आणि पांढरें व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजविण्याचा सल्ला देतात.

उकडण्यासाठीं मात्र आठवडाभराचें अंडें बरें. अगदीं ताज्या अंड्याचें कवच पांढऱ्याला घट्ट चिकटून बसतें आणि सोलतांना त्याचे लचके निघतात. शीतकपाटांत सात-आठ दिवस राहिलेलें अंडें सहज सोललें जातें.