अंतिम सामन्याला ११२ दिवस

२८ एप्रिल २००८. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने भारतीय हॉकी महासंघ निलंबित केला. आठवडाभर आधी एका वृत्तवाहिनीने महासंघाच्या सचिवांचं छुपं चित्रण दाखवलं होतं. महासंघाची प्रीमियर हॉकी लीग आणि तिच्यातला मराठा वॉरियर्स हा संघ, दोघांचाही पुढचा हंगाम झाला नाही. नंतर ‘हॉकी इंडिया’ उभी राहिली, महासंघ कोर्टात गेला. एका खेळाला दोन दावेदार झाले.

ऑक्टोबर २००९. मुंबईच्या निंबस कंपनीने भारतातल्या क्रिकेट सामन्यांचे प्रक्षेपण हक्क पुन्हा मिळवले. चार वर्षं, सुमारे २,००० कोटी रुपये. एका सामन्यामागे ३१.२५ कोटी.

याच निंबसने पुढे महासंघाला सोबत घेऊन वर्ल्ड सिरीज हॉकी जाहीर केली. आठ संघ, त्यांत महाराष्ट्राचे दोन: मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. सामने दाखवणारी निओ स्पोर्ट्स वाहिनीही निंबसचीच. हॉकी इंडियाची मान्यता नव्हती, आणि आंतरराष्ट्रीय महासंघ हॉकी इंडियाच्या बाजूने होता.

१२ डिसेंबर २०११, सोमवार. अंतिम सामन्याला उरले ११२ दिवस. क्रिकेट मंडळाने निंबसचा करार रद्द केला. कारण दिलं ते पैसे थकल्याचं. क्रिकेटचे पैसे वेळेवर पोचत नव्हते, तर हॉकीचे कुठून पोचणार, हा प्रश्न त्या दिवशीच विचारता आला असता. तोंडवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात टेनिस बॉलची स्पर्धा भरते, तेव्हासुद्धा बक्षीस कोण देणार हे पत्रक छापायच्या आधी ठरलेलं असतं.

१७ डिसेंबर. १०७ दिवस. मूळ वेळापत्रकानुसार लीग आज सुरू व्हायची. झाली नाही. नवी तारीख २९ फेब्रुवारी. थांबायला एवढी चांगली सबब पुन्हा मिळणार नव्हती.

२६ फेब्रुवारी २०१२, रविवार. ३६ दिवस. दिल्लीत भारताने फ्रान्सला ८-१ हरवून लंडन ऑलिम्पिक गाठलं. संदीप सिंगचे पाच गोल. हॉकीला इतकी हवा बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. ७२ तासांवर लीग.

२९ फेब्रुवारी, बुधवार. ३३ दिवस. चंदीगडला सुरुवात. लीगच्या नावाआधी प्रायोजक ब्रिजस्टोनचं नाव लागलं होतं. ५९ सामने, ३४ दिवस. सामने भराभर होत गेले. ठिकाणं बदलत राहिली. प्रवास, हॉटेलं, पंच, कॅमेरे, सगळ्याचा खर्च रोजचा. जमा मात्र प्रायोजक आणि जाहिरातींवर.

२ एप्रिल, सोमवार. अंतिम सामना. चर्चगेटचं महिंद्र हॉकी स्टेडियम. पुणे स्ट्रायकर्स विरुद्ध शेर-ए-पंजाब. बरोबर एक वर्षापूर्वी, याच तारखेला, इथून चालत जाता येईल अशा वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला होता. क्रिकेट मंडळाचं मुख्यालयही तिथंच.

१७ मिनिटं ३० सेकंद. पहिला ब्रेक. तेव्हा आंतरराष्ट्रीय हॉकी ३५-३५ मिनिटांच्या दोन डावांत खेळली जायची, मध्ये एकच विश्रांती. या लीगने ७० मिनिटांचे चार तुकडे केले. एका विश्रांतीच्या जागी तीन आल्या, म्हणजे जाहिरातींना तीन जागा.

३५ मिनिटं. दुसरा ब्रेक. निंबसच्या हातून गेलेले क्रिकेटचे हक्क याच दिवशी स्टार इंडियाला मिळाले. ९६ सामने, ३,८५१ कोटी. सामन्यामागे सरासरी ४० कोटींच्या वर. ज्या धंद्याच्या बळावर निंबसने हॉकीत उडी घेतली होती, तो आता सहा वर्षांसाठी दुसऱ्याचा झाला होता.

५२ मिनिटं ३० सेकंद. तिसरा ब्रेक. ४८ तासांत आयपीएलचा पाचवा हंगाम. जाहिरातदारांचं बजेट कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

७० मिनिटं. शेर-ए-पंजाब ५, पुणे २.

त्यानंतरच्या महिन्यांत खेळाडू मानधन थकल्याचं उघडपणे बोलू लागले. दुसरा हंगाम पुढे ढकलला गेला, मग झालाच नाही. पुणे स्ट्रायकर्स हे नाव मैदानावर ३४ दिवस टिकलं. त्यांचा अंतिम सामना हाच त्यांचा शेवटचा सामना.

१४ जानेवारी २०१३. हॉकी इंडियाची स्वतःची लीग सुरू. मान्यता होती, लिलाव होता, आणि मुंबई मॅजिशियन्सच्या मागे डाबर होती. आदल्या दिवशी शिवसैनिकांनी महिंद्र स्टेडियमवर निदर्शनं केली होती, कारण संघात चार पाकिस्तानी खेळाडू होते आणि ८ जानेवारीला नियंत्रण रेषेवर दोन भारतीय जवान मारले गेले होते. १५ तारखेला लीगमधले नऊही पाकिस्तानी परत गेले. म्हणजे मुंबईच्या संघातले चार भिडू स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी कमी झाले. संघ तळाला राहिला. दोन हंगामांनी मॅजिशियन्सही गेले.

२०१५ मध्ये नव्या मालकाचा दबंग मुंबई आला. २६ फेब्रुवारी २०१७ ला चंदीगडच्या अंतिम सामन्यात कलिंगा लान्सर्सकडून १-४ असा हरला, आणि लीगच बंद पडली.

२८ डिसेंबर २०२४ ला ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते: चेन्नई, हैदराबाद, लखनौ, कोलकाता, विशाखापट्टणम, भुवनेश्वर-राउरकेला, दिल्ली, पंजाब-हरियाणा. महाराष्ट्राचा एकही नव्हता.