कुलाब्याचे चिंतामणराव

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवर उभे राहा आणि मागे सीबीडी बेलापूरकडे बघा. तिथे रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. ते आता नाही असं समजा. रेल्वे नाही, वाशीचा पूल नाही. जुलै १९४४. पावसाने झड धरलीय. होड्या काठावर ओढून झापांनी शाकारल्यात. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कुणी जायचं नाही. ओटीवर बसून जाळी विणणं चाललंय. खाडीपलीकडे कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. त्यातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांना तुम्हाला गाठायचंय, आणि ते सातासमुद्रापार आहेत.

अमेरिकेत, ब्रेटन वूड्सच्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात युद्धानंतरची जागतिक आर्थिक घडी ठरवायला ४४ देशांची माणसं जमलीत. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज, सर जेरेमी रेझमन. सोबत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर देशमुख. खुर्चीवर बसून त्यांना वर्षही झालेलं नाही. देश पारतंत्र्यात, बंगालचा दुष्काळ अजून ताजा. युद्धात भारताने माल पुरवला, त्याचे पैसे लंडनमध्ये अडकलेत. त्यातला काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत मोकळा करा, ही मागणी. ती फेटाळली जाते. पण भारताच्या पदरात निधीतला ४० कोटी डॉलरचा कोटा, म्हणजे वाटा, पडतो, सहाव्या क्रमांकाचा. पुढे रशिया निधीबाहेर राहतो, भारत पाचवा होतो आणि कार्यकारी मंडळावर त्याची जागा पक्की होते.

सहा वर्षं पुढे सरका. १९५०, पॅरिस. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या संयुक्त वार्षिक सभेचं अध्यक्षपद देशमुखांकडे. त्याच वर्षी ते देशाचे अर्थमंत्री झालेत. १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडूनही येतात.

आता जुलै १९५६, दिल्ली. लोकसभेच्या गॅलरीत जागा धरा. मुंबईसह महाराष्ट्राची मागणी असताना मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलंय, मुंबईत गोळीबारात माणसं गेलीत, न्यायालयीन चौकशीला सरकार तयार नाही. मोजूनमापून बोलणारा हा जुना आयसीएस अधिकारी उभा राहतो. मंत्रिमंडळाला न विचारता पंतप्रधानांनी निर्णय जाहीर केला, हे नेहरूंच्या तोंडावर सांगतो आणि अर्थखातं सोडतो. ब्रेटन वूड्स मोठंच. पण मला विचाराल तर चिंतामणरावांची खरी उंची या सभागृहात दिसते. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माणसाने इथे तोट्याचा हिशेब केलाच नाही.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होतात. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला मात्र १ मे १९६० उजाडावा लागतो.