कोठीची खोली

तर झालं असं, की २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. आपल्या लेखी पहाटेची आंघोळ, उटणं आणि फराळाचा पहिला मान. पण पुण्याहून आलेल्या आमच्या नातवंडांच्या लेखी तो हॅलोविनचा दिवस. त्यांच्या सोसायटीत म्हणे पार्किंगमध्ये काळे पडदे लावून 'भूतघर' करतात आणि आईबापांसकट सगळे एकमेकांना घाबरवतात. यंदा गावी आल्यामुळे ते हुकलं, म्हणून चेहरे पडलेले. मग धाकटीला कल्पना सुचली. आपणच करू की! कोठीची खोली आहे ना!

घरच्या मंडळींना ती खोली माहीत आहे. इतरांसाठी सांगतो. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. घर धाब्याचं, हातभर जाड मातीच्या भिंतींचं. आमच्यातले निम्मे जळगावला, निम्मे धुळ्याला, आणि उरलेले पुण्याला गेले. गावी चुलतभावाचं कुटुंब आणि फुई, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी. मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली आहे, तिला कोठीची खोली म्हणतात. लहानपणी आम्हा भावंडांना तिथे जायची बंदी होती. का, तर "तठे ती शे." ती म्हणजे कोण, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पोरांनी काळ्या चादरी गोळा केल्या, आणि फुईने ओट्यावरून हाक मारली. "ती खोली नको रे. तठे ती शे." साठ वर्षांनी तेच वाक्य! पण ही पोरं आमच्यासारखी थोडीच. ती टाळ्या पिटायला लागली. खरं भूत!

फुई हसली नाही. म्हणाली, "भूत नही शे ती. आपलीच शे."

ती कोण, ते सांगतोच. पण आधी भुतांशी आमच्या घराचे संबंध कसे होते ते सांगितलं पाहिजे, कारण ते वाईट नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेचा झेंडा लागतो आणि वैशाखभर बोरीच्या वाळूत दुकानं, पाळणे, तमाशाचे तंबू असतात. वैशाखातल्या एकादशीला रथ निघतो. सत्तरच्या दशकात त्या वाळूत एक 'भूतबंगला' लागायचा. बंगला कसला, चार बांबू आणि ताडपत्री. आत मिट्ट काळोख, अंगाला चाटून जाणारी ओली पोती, पुठ्ठ्याचा सापळा, आणि शेवटी मुखवटा घातलेला एक माणूस अंगावर धावून यायचा. धुळ्याचे काका आम्हा सगळ्यांना घेऊन जायचे. एकदा चुलतभाऊ आत इतका रडला की काका त्याला उचलून मागच्या बाजूने बाहेर घेऊन आले. तिथे तेच भूत मुखवटा मांडीवर ठेवून बशीतून चहा पीत बसलेलं. भुताने त्याला जवळ बोलावून बिस्कीट दिलं. चुलतभाऊ आज आजोबा झालाय, तरी ते बिस्कीट विसरलेला नाही. धुळ्याला एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेतही, पांझरेच्या काठी, असाच एक तंबू आम्ही पाहिलेला. पण अमळनेरचं भूत आमचं घरचं!

आणि त्याही आधी भोवाडा होता. साक्रीच्या पश्चिमेला, बागलाणात, आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात (तिकडे बोहाडा म्हणतात) उन्हाळ्यात गावकरी रात्रभर सोंगं नाचवतात. संबळ वाजतो, टेंभे पेटलेले असतात, आणि काळोखातून एकेक मुखवटा येतो. आधी गणपती, सरस्वती. मग रावण, नरसिंह, वेताळ. पहाटेला देवी आणि म्हैसासुर. आईच्या मामाचं गाव त्या बाजूचं. आई सांगायची, रावण आला की पोरं आजीच्या पदरात शिरायची आणि पदराच्या भोकातून बघायची. म्हणजे पैसे न देता, सगळं गाव सोबत घेऊन घाबरायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

अमेरिकेतली मात्र त्या मानाने अलीकडची. हॅलोविन आयर्लंड-स्कॉटलंडचं, सुगी संपून हिवाळा लागताना मेलेली माणसं परत येतात या समजुतीतलं. १८४० च्या दशकात आयर्लंडात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. त्यांच्याबरोबर हा सणही तिकडे रुजला. पुढे त्या रात्री पोरांनी काचा फोडणं, गाड्या उलथवणं असले उद्योग सुरू झाले. १९३० च्या मंदीत ते इतके वाढले की आईबापांनी युक्ती काढली. तळघरात अंधार करायचा, भिंतीला ओले स्पंज आणि केसाळ कातडी लटकवायची, आणि पोरांना घरातच घाबरवायचं. नंतर त्याचा मोठा धंदा झाला, १९६९ साली डिस्नेलँडमध्ये भुताची हवेली उघडली, वगैरे. पण मूळ युक्ती आईबापांची. पोरं हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून घरात पाळलेली भीती.

आमच्या आजीचीही हीच युक्ती होती, असा माझा बरीच वर्षं समज होता. कारण कोठीच्या खोलीत ती आंब्याची आढी घालायची! आम्हाला बंदी, आणि ती मात्र भरदुपारी एकटी खुशाल आत जाऊन बसायची. आंबे राखायला आजीने भूत ठेवलंय, असं आम्ही मोठेपणी एकमेकांना सांगून हसायचो.

त्या दिवशी फुईने सांगितलं ते असं. आजोबांची पहिली बायको त्या खोलीत गेली. १९१८ साल, मानमोडीची साथ. वय सतरा-अठरा, आणि दिवस गेलेले. माझी आजी ही दुसरी, तीनेक वर्षांनी आलेली. आम्हा भावंडांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. माझे वडील गेले, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झा. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला, तेव्हा सौम्य वाटला. सप्टेंबरात परतला तो मारेकरी होऊन, आणि आगगाडीच्या रुळांवरून आत शिरला. आमच्याकडे तर तापी व्हॅलीची गाडी सुरतेहून थेट अमळनेरला येत होती. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेलं. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १८७२ पासूनच्या शिरगणत्यांमध्ये देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली ती एकदाच, १९२१ ला. हा आजार म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त लागला, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याची उस्तवार त्यांनी करायची, आणि जेवायला शेवटी त्यांनी बसायचं. गरोदर बाईची तर कथाच नको.

त्याच महिन्यात अमेरिकेतही तीच साथ होती. एकट्या ऑक्टोबर १९१८ मध्ये तिकडे सुमारे १ लाख ९५ हजार माणसं दगावली, आणि त्या साली कितीतरी शहरांनी हॅलोविनच्या मेजवान्यांवर बंदी घातली. पोरांना हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

आता ती गेली, हे दुःख झालं. पण ती 'भूत' कशी झाली? आपल्याकडे गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात, सवाष्ण मेलेलीची जखीण. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून अशा समजुती गोळा केल्या होत्या. १९०९ मध्ये नाशिकच्या नाटकगृहात 'शारदा' बघायला आलेले असताना त्यांचा खून झाला. ते कागद पुढे एन्थोवेन यांनी छापले. त्यांचं मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरचं पुस्तक १९२४ चं. अशी पुस्तकं चाळताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते. भुतांच्या जाती मोजायला घेतल्या तर बायकांच्या भुतांना वेगळी नावं मिळतात ती त्या कशा मेल्या यावरून. सगळी मरणं तरुणपणातली, बहुतेक बाळंतपणाच्या आसपासची. ज्यांना जिवंतपणी कुणी विचारलं नाही त्यांची मेल्यावर मात्र दहशत! (आणि जिवंत बाईला डाकीण ठरवून छळणं हा आमच्याच सातपुड्याकडचा प्रकार. त्याच्याविरुद्ध कायदा झाला २०१३ साली, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. असो.)

दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची, तिने छळू नये म्हणून. फुई देव्हाऱ्याजवळ गेली आणि आजीचा टाक घेऊन आली. चांदीचा, नखाएवढा, झिजून गुळगुळीत. बाईची आकृती असावी असं नुसतं वाटतं. हा मी आजीच्या गळ्यात लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता, देव म्हणून. पोरांनी तो एकमेकांच्या तळहातांवर फिरवला.

भूतघर शेवटी गोठ्यात झालं. बैल आता नाहीतच. चादरी लागल्या, मोबाइलवर कोल्हेकुई लागली, आणि दावणीपाशी अंधारात पांढरं लुगडं नेसून एक म्हातारी बसली होती, ती ऐन वेळी उठून उभी राहिली. पोरांपेक्षा त्यांचे बाप मोठ्याने ओरडले. फुईला नंतर हसू आवरेना, खोकला लागला, पाणी द्यावं लागलं.

पुढे जानेवारीत मी अमळनेरला तहसिलीत गेलो. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. आपण कोतवाल बुक म्हणतो, जातीच्या दाखल्यासाठी लोक काढतात ते. जुनी मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारे एक स्नेही सोबत घेतले. एरवी महिन्याला पाव-अर्ध पान भरतं. त्या साली दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराची पानंच्या पानं. ताप, ताप, ताप. एकाच घरातले तीन, लागोपाठ. लिहिणाऱ्याचं अक्षर मध्येच बदलतं. त्याचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनात आला, आणि स्नेह्यांच्याही आला असावा, कारण ते वाचायचे थांबले होते.

ती सापडली. आजोबांचं नाव, पुढे 'याची बायको'. कारण ताप. बस. तिचं नाव नाही. पोटातल्या बाळाचा अर्थातच उल्लेख नाही. भाटाच्या वहीत पुरुषांचीच वंशावळ. तिचं माहेर पारोळ्याकडचं एवढं फुईला ऐकून ठाऊक, पण गाव कोणतं ते नाही. आजीला नाव माहीत असणार. ती १९७९ साली गेली, तेव्हा मी कॉलेजात होतो, समोर बसून विचारू शकलो असतो. माहीत नव्हतं की विचारायचं आहे.

परतताना एसटीत मला एकदम घागरी आठवल्या. खान्देशात आखाजी हा पितरांचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. पुरुष पत्ते कुटतात. पण सकाळी आधी पितरांची घागर भरायची, वर डांगर ठेवायचं, आणि निखाऱ्यावर पुरणपोळी-आमरसाची आगारी टाकायची. आजी दोन घागरी भरायची. एक मोठी, एक लहान. मी विचारलं होतं, दुसरी कोणाची? "तुले काय करनं शे?" म्हणाली होती. आजी गेल्यावर आई एकच भरायला लागली. कुणी काही ठरवून बंद केलं असं नाही. हिशेबच कुणाला माहीत नव्हता.

म्हणजे आजी दुपारी त्या खोलीत जायची ती नुसती आंबे बघायला जात होती की काय, कोण जाणे. सवतीच्या भीतीने टाक घालणारी बाई तिच्याच खोलीत एकटी जाऊन बसत नाही, एवढं मला कळतं.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. पुण्याच्या शाळांना सुट्टी लागलेली, त्यामुळे सगळेच आले; जळगावचे, धुळ्याचे, पुण्याचे. फुईने कुंभाराकडून दोन घागरी आणवल्या. मोठी ओट्याजवळ मांडली. लहान घागर धाकटीने दोन्ही हातांनी धरून कोठीच्या खोलीत नेली. आत गवताचा आणि जुन्या आंब्यांचा वास अजून आहे. चुलतभाऊ निखारे घेऊन आला. आगारी टाकताना नाव घ्यायचं असतं. धाकटीने विचारलं, "फुईआजी, काय नाव घेऊ?"

फुई जरा थांबली. मग म्हणाली, "मोठी माय म्हन."

धाकटीने म्हटलं. धूर खूप झाला, खिडकी नाही ना, सगळे डोळे चोळत बाहेर आलो. संध्याकाळी पोरांना घेऊन अमळनेरला गेलो. यात्रेचा झेंडा लागला होता, वाळूत पाळण्याचे खांब नुकते उतरवत होते. भूतबंगला यंदा आहे का, विचारलं. एकजण म्हणाला, चार-आठ दिवसांनी या.