अंतरमापक कॅमेरा आणि मुदत सरलेली फिल्म

इ. स. १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. टिळकनगराची सजावट नंदलाल बोस यांची, आणि तीही बांबूसारख्या गांवच्या साहित्यानें केलेली. ध्वज चढवितांना मध्येंच अडकला, तेव्हां शिरपूरच्या एका तरुणानें खांबावर चढून तो मोकळा केला. असा क्षण पुन्हां घडवितां येत नाहीं. तो टिपावयाचा तर यंत्र हातांत सज्ज हवें.

तसें यंत्र त्या सुमारास जगांत निघालें होतें. ऑस्कर बारनाक यानें चलच्चित्राच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लायका कॅमेरा सिद्ध केला. तो १९२५ सालीं बाजारांत आला. १९३२ सालीं त्यास भिंगाशीं जोडलेला अंतरमापक मिळाला. त्यांत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचें कडें फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या, कीं अंतर साधलें. तिपाई नको, काळें कापड नको. एका गुंडाळींत ३६ चित्रें.

आज शौकीन लोक हीं जुनीं यंत्रें हौसेनें जमवितात व त्यांत मुदत सरलेली फिल्म घालतात. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळीं आपल्याकडे सर्वपरिचित होती. कारखाना बंद पडल्यानें तिची उरलेली प्रत्येक गुंडाळी आतां मुदतीबाहेरचीच. मुदत सरली म्हणजे फिल्म मेली, असें नव्हे. तिच्यावरील चांदीचे क्षार वयानें व उष्णतेनें मंदावतात आणि सर्वत्र करडें धुकें धरतें. म्हणून दर दहा वर्षांमागें प्रकाश दुप्पट द्यावा, असा ठोकताळा आहे. खानदेशचे उन्हाळे कपाटांत काढलेल्या फिल्मला तोही पुरेलच असें नाहीं. थंड जागीं ठेविलेली मात्र पुष्कळ टिकते.

हौसेपुरतें हें धुकें शोभून दिसतें. परंतु चित्रें घेऊन न धुतांच राहिलेली गुंडाळी एखाद्या घरीं पडून असेल, तर तेंच धुकें तिच्यावरील अदृश्य चित्र वर्षानुवर्षें गिळीत असतें. जुना कॅमेरा हातीं येतांच तो उघडूं नये. आधीं फिल्म परत गुंडाळण्याची खुंटी हलकेच फिरवून पाहावी. ती अडली, तर आंत फिल्म आहे असें समजावें आणि ती प्रथम धुवून घ्यावी. नवे प्रयोग उद्यांही करतां येतील. गेलेला दिवस त्या गुंडाळीवांचून दुसरीकडे कोठेंच नसेल.