बोटाची किंमत, हाताची किंमत

एकलव्याचा अंगठा गेला तेव्हा त्याची किंमत कुणी मोजली नाही. १९२३ साली दिल्लीच्या कायदेमंडळाने ती मोजली आणि छापूनही टाकली : शेकडा २५. अंगठा गमावलेल्या कामगाराची कमाईची शक्ती एवढ्या टक्क्यांनी घटली, असे धरायचे. तर्जनी गेली तर १०, इतर कुठलेही एक बोट गेले तर ५. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या शेवटी ही यादी होती. कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्यामुळे ही यादी मला पाढ्यांसारखी पाठ झाली. पण ती आली कुठून, हे जरा मागे जाऊन पाहण्यासारखे आहे.

तिच्या आधी काय होते? १८५५ चा एक कायदा होता. अपघातात माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना दावा लावता येई. मात्र चूक मालकाची होती हे त्यांनी सिद्ध करायचे. इंग्लंडात तर त्याहून वाईट होते. १८३७ सालच्या एका खटल्यात तिथे असे ठरले की, सोबतच्या नोकराच्या हलगर्जीपणाने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कामावर आलास तेव्हाच तो धोका तू पत्करलास! खटला एका खाटकाच्या नोकराचा होता. गाडीत माल जास्त भरला, गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. ज्या कारखान्यात मालक यंत्राच्या जवळपासही नसतो, तिथे चूक सोबत्याचीच निघणार, नाही का?

आता मुंबईकडे या. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. पुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाले. लोखंडे म्हटले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते, आणि हे पान आपण रविवारीच वाचत आहात. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी, असे त्यात म्हटले होते. चूक कोणाची, हा प्रश्नच त्यात नाही. बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला तोही १८८४ मध्येच. लोखंड्यांची दृष्टी किती पुढची होती हे सांगायला मला एवढे पुरेसे वाटते. इंग्लंडने चुकीचा प्रश्न बाजूला ठेवून भरपाईचा कायदा केला तो १८९७ साली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोखंडे मुंबईच्या प्लेगमध्ये गेले.

आपल्याकडचा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचा हिशेब सोपा होता. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. इजा अंशतः असेल तर या रकमेचा यादीतला टक्का. समजा, साळखात्यात एखाद्याला महिना ४० रुपये मिळतात. बेचाळीस महिन्यांचे झाले १,६८० रुपये. तर्जनी गेली, तर त्याला १६८ रुपये. गंमत पुढेच आहे. कोपराच्या वर तुटलेल्या उजव्या हाताला यादीत ७० टक्के होते आणि डाव्याला ६०. म्हणजे उजव्या-डाव्यातला फरकही पुन्हा १६८ रुपयेच! साच्यावर तुटलेला धागा दोन्ही हातांनी सांधावा लागतो, हे यादी करणाऱ्यांनी कोणा विणकराला विचारले असते तर त्याने सांगितले असते. उजव्या-डाव्याचा भेद पुढे गेला, टक्केही वाढले. अंगठा ३० वर आला, तर्जनी १४ वर.

यादीतली खरी अडचण मात्र टक्क्यांच्या लहानमोठेपणाची नाही. यादी शरीर मोजते, काम मोजत नाही. माझ्याकडे पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली मुले येत. त्यांच्या दाखल्यावर डॉक्टरांनी टक्का लिहिलेला असे. हा काय काम करतो, हा रकानाच कोरा. कारकुनाची दोन बोटे जाणे आणि फिटरची जाणे एकच कसे असेल?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो ओडिशातल्या एका सुताराच्या निमित्ताने. १९६८ मध्ये एका चित्रपटगृहात काम करताना त्याला अपघात झाला आणि डावा हात कोपरावर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अंशतः अपंगत्व आहे, यादीप्रमाणे घ्या. न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिला : एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची शक्ती पूर्ण गेली, शंभर टक्के. शिवाय भरपाई देणे लागते ती अपघाताच्या दिवसापासून, कुणी निवाडा करील तेव्हापासून नव्हे. सात वर्षे वाट पाहिलेल्या माणसाच्या दृष्टीने हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता. २०१० मध्ये रस्ता अपघाताच्या एका प्रकरणात न्यायालयाने हीच गोष्ट अधिक सविस्तर सांगितली. अपंगत्वाचा टक्का आणि कमाई बुडाल्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी माणूस काय काम करत होता ते बघा, आता काय करू शकतो ते बघा, मग आकडा लावा.

१९२३ चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. इजांची यादी तिच्यातही आहे. लोखंड्यांच्या मागणीचा पहिला भाग, म्हणजे बरे होईपर्यंत पूर्ण पगार, त्याचे काय झाले? १९२३ च्या कायद्याने पहिले दहा दिवस काहीच दिले नाही आणि त्यानंतर दिला तो अर्धा पगार. दहाचे पुढे सात झाले, साताचे तीन. राज्य विमा योजनेतल्या कामगाराला सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. ज्यांना ती योजना लागू नाही, त्यांचा पगार भरपाईच्या हिशेबात अजून अर्धाच आहे.